टाच मोकळी हवी!

लासलगावचे नाव काढले की कांदा डोळ्यांपुढे येतो. ते साहजिकच आहे. १९४७ साली स्थापन झालेली इथली बाजार समिती कांद्यासाठी देशभर ओळखली जाते, आणि सकाळच्या लिलावात काय भाव निघाला याकडे निफाड-येवल्याच्या शेतकऱ्यापासून दिल्लीच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांचे कान लागलेले असतात. परंतु ट्रॅक्टरांच्या त्या लांबलचक रांगेतून मान वर करून उत्तरेकडे पाहिले, तर हवा स्वच्छ असलेल्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसते. क्षितिजावर करवतीच्या दात्यांसारखी एक निळसर डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलेली असते. तीच सातमाळा.

ही रांग रोज पाहणारे हजारो आहेत. तिच्यावर पाय ठेवलेले किती? वणीच्या देवीला जाऊन आलेले पुष्कळ सापडतील, चांदवडच्या रेणुकामातेचे दर्शन घेतलेलेही सापडतील. पण वाट नसलेल्या सोंडेवरून धारेवर चढणे, धारेधारेने पुढे जाणे आणि भलत्याच गावात उतरणे, ही हौस करणारा माणूस विरळा. “तिकडे काय ठेवले आहे?” हा प्रश्न त्याला हमखास विचारला जातो.

जगाच्या पाठीवर एक देश असा आहे की जिथे हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो देश नॉर्वे. तिथली माणसे वर्षातले कित्येक महिने बर्फात काढतात, आणि त्या बर्फाला कंटाळून घरात बसण्याऐवजी पायांना लाकडी पट्ट्या बांधून रानातल्या टेकड्यांवर भटकायला निघतात. त्यांची ही कला पाहिली की आपल्या सातमाळ्याकडे पाहण्याची दृष्टीही थोडी बदलते. म्हणून आधी थोडे त्यांच्याविषयी.

मोरगेदालचे कूळ

स्की हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. त्याचा मूळ अर्थ चिरलेले लाकूड, फळी. उत्तर स्वीडनमध्ये दलदलीत सापडलेली एक स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. म्हणजे ही वस्तू खेळासाठी जन्मली नाही. शिकारीला जाणे, सरपण आणणे, शेजारचे गाव गाठणे, यांसाठी ती होती. मऊ बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो. लांब फळीवर त्याचे वजन पसरते आणि तो वरच्या वर चालू शकतो. युक्ती एवढीच.

पण चालणे वेगळे आणि उतारावरून वळणे घेत खाली येणे वेगळे. पूर्वीच्या स्कीला बोटांपाशी नुसता एक पट्टा असे. उतारावर वेग आला की पाय एकीकडे आणि फळी दुसरीकडे! या अडचणीवर तोड काढली ती टेलेमार्क प्रांतातल्या मोरगेदाल या खेड्यातल्या एका गरीब माणसाने. सोंद्रे नूर्हाइम हे त्याचे नाव, जन्म १८२५. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर कुळासारखा राहणारा, हाताने सुतारकाम करणारा हा गृहस्थ. त्याने झाडांच्या लवचिक डहाळ्या-मुळ्या पिळून टाचेमागून जाणारा एक बंद तयार केला. त्यामुळे फळी पायाला धरून राहू लागली, आणि तरीही टाच वर उचलता येऊ लागली. शिवाय त्याने फळी मध्यभागी थोडी निमुळती केली, त्यामुळे ती वळणात सहज शिरू लागली.

१८६८ मध्ये राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, इथे स्पर्धा झाली. चाळिशी ओलांडलेला नूर्हाइम खेड्यातून तिथे आला आणि जिंकून गेला. शहरी लोक थक्क झाले. एक गुडघा पुढे, दुसरा मागे वाकलेला, मागची टाच वर, असा जणू अर्धवट गुडघा टेकत तो वळणे घेत होता. त्या वळणाला त्याच्या प्रांतावरून टेलेमार्क हेच नाव पडले. पुढे १८८४ मध्ये पोटासाठी तो अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डाकोटाच्या सपाट मुलखात वारला. १९५२ साली ओस्लोला हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा ज्योत पेटवली गेली ती मोरगेदालच्या त्याच्या घरातल्या चुलीत. कुळाच्या घराला असा मान मिळाल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

पुढे आल्प्सच्या उंच, उघड्या उतारांवर निराळी पद्धत रूढ झाली. तिथे टाच फळीला जखडून टाकतात. वेग वाढतो, वळण पक्के बसते. पण टाच जखडली की चढ चढता येत नाही. मग वर नेण्यासाठी तारेवरचे पाळणे आले, पाळण्यांची तिकिटे आली, हॉटेले आली. टेलेमार्कवाल्याची टाच मोकळी असते. तो स्वतःच्या पायांनी चढतो आणि स्वतःच्या पायांनी उतरतो. चढताना फळी मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला एका दिशेने केस असलेली पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, हल्ली लोकरीची किंवा नायलॉनची असते. सौम्य चढासाठी तळाला मेण चोळतात. बर्फ किती गार आहे त्याप्रमाणे मेणही निरनिराळे. विसाव्या शतकाच्या मध्याला ही पद्धत मागे पडली होती. पण १९७० नंतर पाळण्यांच्या गर्दीला विटलेल्या अमेरिकन तरुणांनी ती कोलोराडोच्या डोंगरांत पुन्हा उचलून धरली.

लहान टेकडीचे मोठेपण

या खेळाला हिमालय लागत नाही, ही त्यातली मोठी मौज. चारपाचशे फुटांची, झाडीने भरलेली टेकडीसुद्धा पुरते. किंबहुना झाडीची टेकडीच बरी. झाडांमुळे वारा अडतो, बर्फ उडून जात नाही, आणि दर वळणाला पुढचे झाड पाहून निर्णय घ्यावा लागतो. एकाच टेकडीवर शंभर वेळा गेले तरी शंभर वाटा निघतात.

हर्मन योहान्सेन नावाचा एक नॉर्वेजियन इंजिनियर होता. १८७५ साली जन्मलेला हा माणूस कॅनडात स्थायिक झाला आणि क्वेबेकमधल्या लॉरेन्शियन टेकड्यांच्या प्रेमात पडला. या टेकड्या बुटक्या, गोलसर आणि रानाने झाकलेल्या. योहान्सेनने कुऱ्हाड घेऊन रानातून गावागावांना जोडणाऱ्या स्कीच्या वाटा काढल्या. १९३० च्या दशकात आखलेली त्याची ‘मेपल लीफ’ वाट प्रसिद्ध आहे. लोक त्याला कौतुकाने ‘जॅकरॅबिट’ म्हणजे ससोबाच म्हणत. शंभरी उलटल्यावरही तो स्कीवर उभा राहत असे. १९८७ मध्ये तो गेला तेव्हा त्याचे वय एकशे अकरा होते! दीर्घायुष्याचे श्रेय टेकड्यांना द्यावे की त्याच्या आईबापांना, हे वाचकांनीच ठरवावे. पण घराजवळच्या लहान टेकड्यांनी माणसाचा सारा जन्म भरून टाकला, हे मात्र खरे.

ओस्लो शहराला लागून नूर्डमार्का नावाचे टेकड्यांचे रान आहे. सुट्टीच्या दिवशी तिथली माणसे खांद्यावर स्की टाकून शहराच्या आगगाडीत बसतात, शेवटच्या स्टेशनावर उतरतात आणि थेट रानात शिरतात. कारकून, शिक्षक, म्हातारी माणसे, पोरेबाळे, सगळेच. याला काही मोठा पराक्रम समजत नाहीत. आपल्याकडे आठवड्याच्या बाजाराला जावे तशी ही गोष्ट.

आपल्याकडचा बर्फ

खरा बर्फ पाहिजे असेल तर लासलगावकराला रेल्वेचा लांबचा प्रवास करावा लागेल. काश्मीरमध्ये गुलमर्गला १९६८ मध्ये स्थापन झालेली भारत सरकारची स्की व गिर्यारोहण संस्था आहे. उत्तराखंडात औलीचे उतार आहेत, जिथे २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या. दोन्हीकडे नवशिक्यांना शिकवण्याची सोय आहे. मात्र आता निसर्गाचाही भरवसा उरलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार कोरडेठाक पडले होते आणि पर्यटक तपकिरी गवताचे फोटो घेऊन परतले.

तेव्हा बर्फाची वाट पाहत बसण्यापेक्षा या खेळाचा गाभा कोणता ते पाहावे. घराजवळची लहान टेकडी, आखून दिलेली वाट नाही, वर नेणारे यंत्र नाही, आणि उतरण्याची कला आपली आपण शिकायची. एवढे सामान जमवायला बर्फ कशाला हवा? ते सातमाळ्यात तयार आहे.

पाण्याची वाटणी करणारी रांग

लासलगावहून मनमाडकडे जाताना ‘समिट’ नावाचे एक छोटे स्टेशन लागते. समिट म्हणजे माथा. कोणत्याही डोंगराचे शिखर तिथे नाही, तरी हे नाव पोकळ नाही. पाण्याच्या वाटणीची रेघ इथेच जवळून जाते. अलीकडे पडलेला पाऊस गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातो. पलीकडे पडलेला गिरणेतून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला. सातमाळ्याची सारी धार हेच काम करते. धारेवर उभे राहून तांब्यातले पाणी डावीउजवीकडे ओतले, तर हिशेबाप्रमाणे अर्धे पूर्व समुद्राला आणि अर्धे पश्चिम समुद्राला निघावे!

रांग पश्चिमेला अचला-अहिवंतापासून सुरू होते. मग सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना. पुढे कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड. आणि मनमाडजवळ अंकाई-टंकाई. जवळजवळ प्रत्येक डोंगरावर किल्ला. त्यांतला धोडप साडेचार हजार फुटांहून उंच. त्याच्या माथ्यालगत काळ्या दगडाची एक सरळ भिंत निघते आणि मध्येच कोणी चौकोनी तुकडा कापून नेल्यासारखी खाच दिसते. ती भिंत माणसाने बांधलेली नाही. जमिनीच्या भेगेत लाव्हा शिरून थिजला, भोवतालचा मऊ थर झिजून गेला आणि कठीण भाग उभा राहिला. सारी रांगच मुळी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेली आहे. म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. खाली मुरमाचा उतार, मग कातळाचा पट्टा, मग गवताचा पदर, पुन्हा कातळ.

इतिहास तर पावलोपावली आहे. १६७० साली सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना शिवाजी महाराजांची मोगलांशी गाठ पडली ती याच मुलखात, कांचनाच्या खिंडीच्या आसपास. तीच वणी-दिंडोरीची लढाई. १७६८ मध्ये धोडपच्या पायथ्याशी थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला. १८१८ मध्ये इंग्रजांनी हे किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी वर चढून बसू नये म्हणून अनेक ठिकाणच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. तुटलेल्या पायऱ्यांच्या त्या जागा आजही वाटसरूची परीक्षा पाहतात.

लासलगावहून चांदवड पंचवीसेक किलोमीटर. एस. टी. ने तिथे उतरावे. राजधेर आणि इंद्राईसाठी राजधेरवाडी गाठावी. धोडपसाठी वडाळीभोईवरून धोडंबे आणि मग हट्टी. दिवसभराची शिदोरी आणि मुबलक पाणी बरोबर असले की आणखी काही लागत नाही. पावसाळा संपून दिवाळी आली की गवत सोनेरी होते, हवा निवळते आणि उन्हाचा ताव कमी होतो. या भागात पाऊस मुळात बेताचा. त्यामुळे वाटा लवकर वाळतात.

उतरण्याचे शास्त्र

चढण्याला दम लागतो, उतरण्याला अक्कल. सातमाळ्याच्या उतारांवर मुरूम आणि सुटे दगड असतात. त्याला घसारा म्हणतात. शहरातला माणूस घसाऱ्यावर आला की मागे रेलतो, टाचा ताठ ठेवतो आणि लगेच बसकण मारतो. डोंगरात गुरे राखणारा पोरगा कसा उतरतो ते पाहावे. त्याचे दोन्ही गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, मागच्या पायाची टाच उचललेली, अंगाचा भार पुढच्या पायावर आणि नजर चार पावले पुढे. तिरपे तिरपे, नागमोडी वळणे घेत तो खाली येतो. नूर्हाइमने पाहिले असते तर म्हणाला असता, “अरे, हा तर माझाच गाववाला!” घसरणाऱ्या जमिनीवर तोल राखायचा तर शरीराला हीच ठेवण सापडते, मग खाली बर्फ असो की मुरूम.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. या डोंगरांना कातळाचे पट्टे आहेत. खालून चढताना कडा समोर दिसतो, त्यामुळे चुकले तरी कळते. वरून उतरताना कडा दिसतच नाही. गवताचा उतार संपतो आणि पुढे एकदम पोकळी. म्हणून अनोळखी घळीतून खाली उतरू नये. सोंड धरावी, किंवा ज्या वाटेने चढलो तीच वाट. वाळलेले गवतही फसवे असते. बुटाच्या तळाखाली ते तेल लावल्यासारखे निसटते. कुसळे मोज्यांत रुततात ती वेगळीच. कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळे लटकत असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही चालत नाही. गुपचूप वाट बदलावी हे उत्तम. किल्ल्यांवर दगडात खोदलेली टाकी आहेत, पण त्यांतले पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्यावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर दुपारी या उघड्या धारेवर जाऊच नये.

परत फिरण्यात लाज नाही

नॉर्वेतली माणसे जन्मजात डोंगरी, तरी त्यांनाही हे शिकावे लागले. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत तिथल्या डोंगरांत अठरा माणसे दगावली. सारा देश हादरला. मग रेड क्रॉस आणि १८६८ पासून काम करणारे तिथले गिरिभ्रमण मंडळ यांनी डोंगरात कसे वागावे याचे नियम घरोघर पोहोचवले. कुठे जाणार ते सांगून निघा, हवेचा अंदाज घ्या, आपल्या कुवतीप्रमाणे वाट निवडा, असे साधेच नियम. त्यांतला एक तिथल्या पोरापोरांना पाठ आहे. वेळेवर परत फिरा, त्यात लाज कसली?

आपल्याकडे हा नियम गावोगावच्या फलकांवर लिहिण्याजोगा आहे. पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीत कोणीतरी पडल्याची, अडकल्याची, वाहून गेल्याची बातमी येतेच. बरेचदा कारण एकच. “इतके आलो आहोत, आता माथा गाठूनच जाऊ.” चौघांत एकाला पुढे जायचे नसते, पण भित्रा ठरू नये म्हणून तो गप्प बसतो. डोंगरात त्याचे गप्प बसणेच सर्वांत महागात पडते. म्हणून निघतानाच ठरवावे की चौघांतला कोणीही “बस्स” म्हणाला की सगळे मागे वळतील, आणि त्यावर परत आल्यावर चेष्टा होणार नाही. डोंगर कुठे जात नाही. धोडप आपल्या जागी कोट्यवधी वर्षे उभा आहे. पुढच्या रविवारपर्यंत तो थांबेल.

वाटा कोणाच्या?

नॉर्वेने १९५७ मध्ये कायदाच केला की मोकळ्या रानात कोणालाही हिंडता येईल. अट एवढीच की पिकाची, कुंपणाची नासधूस करायची नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, पण रीत आहे. पायथ्याच्या वाडीत शिरताना ‘राम राम’ घालावा, कुठून कुठे जाणार ते सांगावे. कोणी तरी पाण्याचा तांब्या पुढे करते आणि वाटही सांगते. वनखात्याच्या हद्दीत त्या खात्याचे नियम पाळावेत, शेतातून जाताना बांधाने जावे. चैत्रात खानदेशातून हजारो भाविक सप्तशृंगीला पायी येतात. त्यांच्या पायांखाली वर्षानुवर्षे कित्येक वाटा जाग्या राहिल्या आहेत, त्या याच रीतीच्या बळावर.

बाकीच्या वाटांचे काय? डोंगरातल्या बहुतेक वाटा या ढोरवाटा. गुरे चरायला जात, गुराखी मागे जात, वाट मळलेली राही. गुरे कमी झाली, गुराख्याची पोरे शाळा-कॉलेजात गेली. ते चांगलेच झाले. पण कोणत्या घळीत जानेवारीपर्यंत पाणी टिकते, कोणत्या सोंडेने कडा चुकवता येतो, ही माहिती कागदावर कुठेच नाही. ती वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्याबरोबर जाणार आहे. २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातला साल्हेर किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, याचा सर्वांना आनंद झाला. दगडी दरवाजे आणि तट सांभाळायला आता जग आहे. ढोरवाटा सांभाळायला मात्र चालणारे पायच हवेत.

चालणाऱ्याने एक पथ्य कसोशीने पाळावे. दिवाळीनंतर या डोंगरांवर वाळलेले गवत गुडघाभर असते. विडीचे एक थोटूक किंवा अर्धवट विझवलेली चूल पुरे, आणि रात्रीतून सारी सोंड काळी पडते. वणव्यात गवताबरोबर झाडांची कोवळी रोपे जातात, पाखरांची घरटी जातात, आणि उघडी पडलेली माती पुढच्या पावसाबरोबर ओढ्यात उतरते. मुळात विरळ असलेली झाडी अशाने आणखी विरळ होते. शिदोरी घरूनच बांधून न्यावी. वर चूल पेटवूच नये.

दिवाळीत बाजार समितीचे लिलाव काही दिवस बंद असतात, शाळांनाही सुट्टी असते. फराळाच्या डब्यात चकल्या-शंकरपाळे भरावेत, घरातली दोन मुले, शक्य तर एक आजोबा बरोबर घ्यावेत, आणि पहिल्या एस. टी. ने चांदवड गाठावे. मोठा किल्ला सर करायलाच पाहिजे असे काही नाही. गावामागची एखादी लहान टेकडी पहिल्या दिवसाला पुष्कळ झाली. धारेवर पोहोचल्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसावे. खाली निफाड-येवल्याची शेते पसरलेली असतील, आणि त्यांत कुठेतरी आपले लासलगाव असेल. मुलांना ते शोधायला सांगावे. मग दिवस पुरेसा शिल्लक असतानाच उठावे आणि गुडघे वाकवून, टाच मोकळी ठेवून, सावकाश उतरावे.